गेमचं रेकॉर्डिंग लहान करताना आवाज मागे पडतो, फ्रेम अर्ध्या होतात, माइक गायब होतो: दुखणं कुठे असतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. तासाभराच्या गेमचं रेकॉर्डिंग बावीस जीबीचं झालं. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलं तर ते चार जीबीवर आलं, पण शेवटाकडे बंदुकीचा जाळ आधी दिसतो आणि बार नंतर ऐकू येतो. दुसऱ्यांदा वेगळं सॉफ्टवेअर घेतलं. आवाज जुळला, पण सेकंदाला साठ फ्रेमचं (चित्रांचं) रेकॉर्डिंग तीसवर आलं आणि खेळ अडखळल्यासारखा दिसू लागला. तिसऱ्यांदा चित्र छान आलं, तर बोलण्याचा आवाजच गेला. दर वेळी नवीन सॉफ्टवेअर उतरवायचं, रात्रभर लॅपटॉप तापवायचा आणि सकाळी परत तेच.

यातली काही दुखणी रेकॉर्डिंगच्या वेळीच फाइलीत शिरलेली असतात, काही कन्व्हर्टरच्या आयत्या सेटिंगमुळे होतात. पहिली कन्व्हर्टर फक्त उघडी पाडतो. म्हणून फाइल कुठेही टाकण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते पाहायचं आणि त्यानुसार एकेकच गोष्ट बदलायची. एकदम पाच सेटिंग हलवली की काय बिघडलं आणि काय सुधारलं, काहीच कळत नाही.

आधी मीडियाइन्फो

मीडियाइन्फो हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यावर ओढून टाका आणि व्ह्यू मेनूतून ‘ट्री’ किंवा ‘टेक्स्ट’ निवडा. भलीमोठी यादी येते, पण कामाच्या ओळी मोजक्याच असतात. एमपी४ फाइलीत साधारण असं काही दिसेल:

कालावधी: १ तास ४ मिनिटं
ओव्हरऑल बिट रेट: ५० मेगाबिट प्रति सेकंद
फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल
फ्रेम रेट: ५९.३, किमान २०, कमाल ६२
कलर रेंज: लिमिटेड
ऑडिओ १: ४८ किलोहर्ट्झ
ऑडिओ २: ४८ किलोहर्ट्झ

या सात ओळींत जवळजवळ सगळं निदान आहे. बिट रेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा, सांगतो की फाइल एवढी मोठी का आहे. फ्रेम रेट मोड सांगतो की आवाज सरकणार की नाही. ऑडिओचे दोन ट्रॅक दिसले की समजायचं, गेमचा आवाज एका ट्रॅकमध्ये आणि माइक दुसऱ्यात असणार, आणि कन्व्हर्ट करताना त्यातला एक मागे राहू शकतो.

साइझचा हिशोब तोंडी करता येतो. मेगाबिटला सेकंदांनी गुणायचं आणि आठाने भागायचं. ५० मेगाबिट गुणिले ३६०० सेकंद, भागिले ८, म्हणजे २२,५०० मेगाबाइट, साडेबावीस जीबी. विंडोज हीच फाइल २०.९५ जीबी दाखवेल, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. फाइल लहान झाली म्हणून खूश होऊ नका आणि काही हरवलं म्हणून घाबरूही नका. हाच हिशोब ६ मेगाबिटला लावला तर तासाला २.७ जीबी येतात. लांबी तीच असेल तर साइझ ठरवतो तो बिटरेट. ‘रिझोल्यूशन कमी केलं की फाइल लहान होते’ ही समजूत अर्धवट आहे, बिटरेट ५० वरच ठेवला तर ७२०पी करूनही फाइल साडेबावीस जीबीचीच राहील.

आवाज हळूहळू मागे पडतो

हे दुखणं सगळ्यात जास्त वेळा येतं आणि त्याचं निदान सगळ्यात जास्त वेळा चुकतं, म्हणून यावर थोडं थांबू.

आधी नीट पाहा की आवाज नेमका कसा चुकतो. पहिल्या मिनिटातला एखादा ठळक क्षण पकडा, दार आपटणं, गोळी, उडीनंतर जमिनीवर पडण्याचा आवाज. मग शेवटच्या मिनिटात तसाच क्षण पकडा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल, समजा पाव सेकंद, तर तो ठरावीक उशीर आहे. ब्लूटूथ इअरफोनचा माइक वापरला की हे हमखास होतं. त्याला फ्रेम रेटशी काही देणंघेणं नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ मिक्सरच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये त्या माइकसमोर ‘सिंक ऑफसेट’चा रकाना असतो. तिथे मिलिसेकंदात आकडा भरायचा. झालेल्या फाइलीत एडिटरमध्ये माइकचा ट्रॅक तेवढाच सरकवायचा. काम संपलं.

पण सुरुवातीला बरोबर, मध्यावर थोडा चुकलेला आणि शेवटी पूर्ण विसकटलेला आवाज असेल, तर ते व्हेरिएबल फ्रेम रेटचं दुखणं आहे. मोबाइलचे स्क्रीन रेकॉर्डर, विंडोजचा गेम बार आणि ग्राफिक्स कार्डासोबत येणारे रेकॉर्डर बहुतेक वेळा असंच रेकॉर्ड करतात. गेम जेवढ्या फ्रेम देईल तेवढ्या घ्यायच्या. धुमश्चक्रीत ३५ आल्या तर ३५, मेनूत ६० आल्या तर ६०. प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे व्हीएलसीमध्ये फाइल एकदम बरोबर चालते. गोंधळ एडिटरमध्ये होतो. बरेच एडिटर तो शिक्का न पाहता सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडतात. आवाज आपल्या घड्याळाने चालतो, चित्र वेगळ्या घड्याळाने.

फरक किती लहान असला तरी तो साठत जातो, हे आकड्यांत पाहा. ५९.९४ फ्रेमची फाइल कुणी ६० धरून मांडली, तर चूक फक्त हजारात एक. पण एका तासात तेवढ्याने ३.६ सेकंद जमतात. दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. म्हणून छोट्या क्लिपवर तपासणी करणाऱ्याला सगळं ठीक वाटतं आणि पूर्ण सामन्याच्या वेळी घोळ होतो.

उपाय असा. एडिटरमध्ये नेण्याआधी फाइल एकदा हँडब्रेकमधून काढा. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये फ्रेम रेटला ६० निवडा आणि त्याच्या खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा. ‘सेम अॅज सोर्स’ ठेवलं तर कन्व्हर्टर सरासरी आकडा धरण्याची शक्यता असते, म्हणून आकडा स्वतः निवडलेला बरा. रेकॉर्डिंग ३० चं असेल तर ३० निवडा. हँडब्रेक कमी पडलेल्या जागी आधीची फ्रेम पुन्हा लावतो, जास्त झालेल्या टाकतो आणि वेळेचे शिक्के पाळतो. मग एडिटर काहीही मानो, फ्रेम खरोखरच सारख्या अंतरावर असतात. ही मधली फाइल आहे, शेवटची नव्हे, म्हणून तिची क्वालिटी चढी ठेवा. आरएफ (हँडब्रेकचा क्वालिटीचा आकडा) १६ ते १८, साइझची काळजी नको, काम झालं की ती उडवायचीच आहे.

पुढच्या वेळी ही कटकट नको असेल तर ओबीएस स्टुडिओने रेकॉर्ड करा. तो ठरवलेल्या कॉन्स्टंट फ्रेम रेटनेच लिहितो. मोबाइलवरच्या खेळाला हा पर्याय सहज मिळत नाही, तिथे वरचा उपाय दर वेळी करावाच लागतो.

तिसरा प्रकारही असतो. आवाज बराच वेळ बरोबर, मग अचानक झटका, चित्र गोठतं, पुन्हा बरोबर. ही गळलेल्या फ्रेमची खूण. ओबीएसच्या व्ह्यू मेनूतलं ‘स्टॅट्स’ उघडून खेळा. तिथे दोन वेगळ्या ओळी असतात. ‘रेंडरिंग लॅग’ वाढत असेल तर गेमच ग्राफिक्स कार्ड पूर्ण खातोय. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा आणि ओबीएस ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, म्हणजे विंडोज त्याला कार्डावर आधी वाट देतं. ‘एन्कोडिंग लॅग’ वाढत असेल तर एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून फाइलीत लिहिणाऱ्या भागाला, झेपत नाहीये. प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ हा एन्कोडर सोडून कार्डाचा हार्डवेअर एन्कोडर घ्या. जी फ्रेम रेकॉर्डच झाली नाही ती नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

हँडब्रेकचे चार सापळे

हँडब्रेक चांगलं आहे, फुकट आहे, पण ते मुळात सिनेमे आणि डीव्हीडी डोळ्यांसमोर ठेवून बनलंय. त्याची आयती सेटिंग गेमला चालत नाहीत.

उघडल्या उघडल्या जो प्रीसेट निवडलेला असतो, ‘फास्ट १०८०पी३०’, त्याच्या नावातच तीस आहे. तो साठ फ्रेमचं रेकॉर्डिंग गुपचूप तीसवर आणतो. वर ‘पीक फ्रेमरेट’ लावतो, म्हणजे तयार होणारी फाइल पुन्हा व्हेरिएबलच. आवाजाचं दुखणं बरं करायला गेलात आणि तेच घेऊन आलात.

दुसरा सापळा ‘डायमेन्शन्स’मध्ये. क्रॉपिंग ‘ऑटोमॅटिक’ असतं. फाइलीतल्या काही जागा तपासून तो काळी कड शोधतो आणि कापतो. सिनेमाला हे बरोबर. पण गुहेतला किंवा रात्रीचा प्रसंग त्याच्या तपासणीत आला की तो कडेचा अंधारही काळी पट्टी समजतो, आणि त्याबरोबर कोपऱ्यातला नकाशा किंवा गोळ्यांचा आकडा अर्धा जातो. क्रॉपिंग ‘नन’ करा.

तिसरा ‘फिल्टर्स’मध्ये. इंटरलेस ओळखणं आणि डीकॉम्ब हे जुन्या टीव्ही-चित्रांसाठी आहे. गेममध्ये इंटरलेसिंग नसतंच. दोन्ही ‘ऑफ’ करा, वेळही वाचतो. डीनॉइजही बंदच हवा, तो गवत आणि दगडाचा पोत पुसतो.

चौथा ‘ऑडिओ’मध्ये. आयत्या सेटिंगमध्ये एकच ट्रॅक उचलला जातो, सहसा पहिला. ओबीएसमध्ये पहिल्या ट्रॅकवर फक्त गेम आणि दुसऱ्यावर माइक ठेवला असेल तर बोलणं गेलं. ट्रॅक्सच्या मेनूतून ‘अॅड ऑल रिमेनिंग ट्रॅक्स’ करा. याला जोडून एक गोष्ट लक्षात ठेवा, बहुतेक प्लेअर आणि टीव्ही एका वेळी एकच ट्रॅक वाजवतात. म्हणून रेकॉर्ड करताना ट्रॅक १ वर गेम आणि माइक दोन्ही मिसळून ठेवावेत, २ वर नुसता गेम, ३ वर नुसता माइक. बघणाऱ्याला पहिला पुरतो, एडिट करणाऱ्याला दुसरा-तिसरा. ओबीएसमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मधल्या ट्रॅकच्या चौकटींत खुणा करायच्या आणि आउटपुटच्या रेकॉर्डिंग भागात तिन्ही ट्रॅक चालू करायचे.

हे चारही बदल एकदा केले की ‘सेव्ह न्यू प्रीसेट’ने स्वतःच्या नावाने जतन करा, म्हणजे दर वेळी आठवणीवर विसंबायला नको.

किती लहान करायचं

आता मूळ प्रश्न. बिटरेटचा आकडा ठोकून देण्यापेक्षा ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ वापरा. आरएफचा आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त, फाइल मोठी. ढोबळ नियम असा की एक्स२६४ मध्ये आरएफ सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. १०८०पीच्या गेमला एक्स२६४ वर २० ते २२ आणि त्याच्या पुढच्या पिढीच्या एक्स२६५ वर २२ ते २५ पासून सुरुवात करावी. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडू नका, मोजपट्टी वेगळी आहे.

पण कुठल्याही लेखातला आकडा तुमच्या गेमला लागू पडेलच असं नाही, कारण सगळं चित्रावर ठरतं. पत्त्यांचा खेळ किंवा बुद्धिबळ असेल तर पडदा बहुतांश स्थिर, एन्कोडरला ‘मागच्यासारखंच’ एवढंच लिहावं लागतं. गवताळ मैदानात गाडी पळतेय, वर पाऊस, बाजूला धूर, तर प्रत्येक फ्रेममध्ये लाखो ठिपके नव्याने लिहावे लागतात. त्याच आरएफला एक फाइल तासाला दोन जीबी होईल आणि दुसरी बारा. यात एन्कोडरची चूक नाही.

म्हणून नमुना काढा. हँडब्रेकमध्ये वरच्या बाजूला ‘रेंज’ असते, ती चॅप्टर्सऐवजी सेकंदांवर घ्या. सगळ्यात धामधुमीची दोन मिनिटं निवडा, समजा ६०० ते ७२० सेकंद. हीच दोन मिनिटं आरएफ २०, २२ आणि २४ वर काढा, तीन फाइली. मग त्या पूर्ण पडद्यावर पाहा, आणि पाहताना थांबवू नका. थांबवून पाहिलेल्या फ्रेममध्ये प्रत्येकाला दोष सापडतो, चालत्या खेळात त्यातला निम्माही दिसत नाही. गवताचा हिरवा चिखल होतोय का, नावं आणि आकडे वाचता येतायत का, अंधाऱ्या भिंतीवर पट्टे पडतायत का, एवढं बघा. जिथवर फरक दिसत नाही त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. नमुन्याची साइझ गुणिले ३० म्हणजे तासाचा अंदाज. दोन मिनिटांचे १८० मेगाबाइट झाले तर तासाचे ५.४ जीबी, आणि नमुना सगळ्यात जड भागाचा असल्याने खरी फाइल यापेक्षा लहानच निघेल.

अंधाऱ्या भागात पट्टे दिसले तर लगेच आरएफ उतरवू नका. आधी एक्स२६५ चा १०-बिट प्रकार घेऊन तोच नमुना काढा. रंगांच्या पायऱ्या जास्त मिळतात, त्यामुळे आकाश आणि सावल्या गुळगुळीत राहतात, आणि साइझ फारशी वाढत नाही.

आता एक्स२६४ की एक्स२६५, प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरवरचा एन्कोडर सावकाश चालतो, पण त्याच साइझला चित्र चांगलं देतो. कार्डाचा एन्कोडर कितीतरी पट वेगाने उरकतो आणि तेवढ्याच क्वालिटीला फाइल मोठी करतो. रेकॉर्ड करताना वेग महत्त्वाचा, तिथे कार्ड. साठवण्यासाठी लहान करताना वेळ आहे, तिथे प्रोसेसर. चार कोअरच्या लॅपटॉपवर एक्स२६५ ‘स्लो’ला तासाच्या फाइलीसाठी कित्येक तास घेऊ शकतो, तेव्हा ‘मीडियम’ पुरे. इंदुरात आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जुनं कार्ड घ्यायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पहिल्या जीटीएक्स १६५० मधला एन्कोडर त्याच्या भावंडांपेक्षा जुन्या पिढीचा आहे, १६५० सुपरमध्ये नवा आहे. नावात एका शब्दाचा फरक, रेकॉर्डिंगमध्ये चांगलाच.

एक तक्रार विचित्र वाटते: ‘कन्व्हर्ट केलं तर फाइल उलट मोठी झाली.’ मूळ फाइल मोबाइलची, आधीच ८ मेगाबिटला दाबलेली असते. तिच्यातले चौकोनी ठिपकेसुद्धा एन्कोडरला खरं चित्रच वाटतात आणि आरएफ २० वर तो ते इमानदारीने जपतो. मीडियाइन्फोत १०८०पी६० ला १० मेगाबिटच्या आत आकडा दिसला तर ती फाइल लहान करायला जाऊ नका. तिथे मिळवण्यासारखं काही नाही, गमावण्यासारखं आहे.

कन्व्हर्ट न करताच बरंच काम होतं

तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये लॉबी, लोडिंग, मित्राची वाट बघणं, चहाला उठणं हे सगळं धरून वीस मिनिटं सहज जातात. लॉसलेसकट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने हे तुकडे काढा. ते चित्र पुन्हा एन्कोड करत नाही, नुसतं कापून जोडतं, त्यामुळे काम पटकन होतं आणि क्वालिटी तसूभरही कमी होत नाही. काप फक्त की-फ्रेमवर, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या पूर्ण लिहिलेल्या फ्रेमवर, बसतो, म्हणून तो एक-दोन सेकंद पुढे-मागे होईल. ओबीएसमध्ये ‘की-फ्रेम इंटरव्हल’ २ सेकंद ठेवलं असेल तर काप हवा तिथे जवळपास येतो. वीस मिनिटं गेली म्हणजे एक तृतीयांश फाइल गेली, तीही फुकटात.

दुसरं, एमकेव्हीची एमपी४ करायची म्हणून कुणी हँडब्रेक चालवत असेल तर थांबा. एमकेव्ही आणि एमपी४ हे डबे आहेत, आतला माल तोच. ओबीएसच्या फाइल मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे. त्यात फाइल टाकली की माल एका डब्यातून दुसऱ्यात जातो, काही सेकंदांचं काम.

आणि मुळात फाइल एवढी मोठी का होते तेही पाहा. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगला सीबीआर (कायम एकच बिटरेट) ५० ठेवला असेल तर मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी ५० मेगाबिट खर्च होतात. त्याऐवजी सीक्यूपी (ठरावीक क्वालिटी) घ्या, आकडा २० च्या आसपास. स्थिर पडद्याला तो कमी खर्च करतो, धामधुमीला जास्त. सिंपल मोडमधलं ‘लॉसलेस’ मात्र टाळा. १०८०पी६० चं अजिबात न दाबलेलं चित्र सेकंदाला जवळपास १८७ मेगाबाइट असतं, तासाला ६७० जीबीच्या वर. लॉसलेस त्याच्या बरंच खाली येतं खरं, पण घरच्या हार्ड डिस्कला तेही झेपत नाही. उलट टोकाचं ‘सेम अॅज स्ट्रीम’ही नको, त्यात स्ट्रीमचा तुटपुंजा बिटरेट रेकॉर्डिंगला लागतो आणि तो धुरकटपणा नंतर जात नाही.

रंग उडालेले, फाइल न उघडणारी, पेन ड्राइव्ह न घेणारा

रंग फिकट, काळा भाग राखाडी दिसत असेल तर कलर रेंजचा गोंधळ. ओबीएसच्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये कलर स्पेस ७०९ आणि रेंज लिमिटेड ठेवा. विंडोजमध्ये एचडीआर चालू राहिलं तरी असंच होतं. विंडोज, ऑल्ट आणि बी या तीन कळा एकत्र दाबून ते बंद करा आणि मग रेकॉर्ड करा.

‘४ जीबीनंतर कॉपी थांबते’ म्हणजे पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही, ड्राइव्ह १२८ जीबीचा असला तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतला माल आधी काढून घेऊन. गणपतीत कॉलनीच्या मुलांची गेमिंग स्पर्धा ठेवली आणि रेकॉर्डिंग मंडळाच्या टीव्हीवर लावायचं असेल, तर आधी त्याच टीव्हीवर एका मिनिटाची क्लिप लावून पाहा. जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत आणि एच.२६५ (एक्स२६५ ने बनवलेला व्हिडिओ) वाजवत नाहीत. तिथे एच.२६४ (एक्स२६४ चा), एमपी४ आणि ४ जीबीच्या आतले तुकडे हाच खात्रीचा मार्ग.

यूट्यूबसाठी जीव तोडून दाबू नका, ते आपल्या बाजूने पुन्हा एन्कोड करतंच. १०८०पी६० ला त्यांची शिफारस १२ मेगाबिटची आहे, म्हणजे तासाला ५.४ जीबी. घरच्या जोडणीचा अपलोड वेग २० मेगाबिट असेल तर ३६ मिनिटांत चढतं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते फार दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

आता वीज. मे संपता संपता वादळी वारा सुटतो, दिवे जातात, आणि सामन्याच्या मध्यावर कॉम्प्युटर बंद पडतो. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली तर सगळा माल डिस्कवर असूनही प्लेअरला वाचता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीत करावं, ती जिथे थांबली तिथवर चालते. २०२४ मधल्या ३०.२ आवृत्तीपासून ओबीएसमध्ये ‘हायब्रिड एमपी४’ही आहे, तोही वाचतो. आधीच तुटलेल्या एमपी४ साठी अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच सेटिंगने केलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, मग तो तुटलेलीची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतो. म्हणून सेटिंग तशीच ठेवून आधी एक मिनिटाचं नवीन रेकॉर्डिंग करा, आणि तुटलेली फाइल तोवर उडवू नका.

कन्व्हर्टही याच कारणाने तुकड्यांत करा. हँडब्रेकच्या रांगेत तासाची एक फाइल लावली आणि पन्नासाव्या मिनिटाला वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. लॉसलेसकटने वीस-वीस मिनिटांचे तीन भाग केले असतील तर एकच भाग पुन्हा करावा लागतो. दुपारी खोली चाळिशीच्या घरात तापलेली असताना लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आणि तीन तासांचं काम पाच तासांवर जातं. रात्री दहानंतर लावा, माळव्याच्या रात्री त्यासाठी चांगल्या. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर, मागची बाजू बोटभर उचललेली. झाकण मिटल्यावर झोपण्याचं सेटिंग बंद, चार्जर लावलेला, आणि जिथे फाइल लिहायची त्या डिस्कवर अंदाजाच्या दुप्पट जागा.

सकाळी मूळ फाइल लगेच उडवायची घाई नको. नवी फाइल मीडियाइन्फोत टाका. कालावधी मूळ फाइलीइतकाच हवा, फ्रेम रेट मोड कॉन्स्टंट, आकडा ६०, ट्रॅक जितके होते तितके. मग तीन ठिकाणी वाजवून पाहा, पहिलं मिनिट, मधलं आणि शेवटचं, आणि शेवटच्या मिनिटात एक ठळक आवाज चित्राशी जुळतोय का ते डोळ्यांनी आणि कानांनी ताडा. व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूतून दुसरा ट्रॅक निवडून माइकही ऐका. एवढं झालं की मग बावीस जीबीची ती फाइल खुशाल काढून टाका.